तगरीवरची निळ्या डोळ्यांची अळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै उजाडला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. फोटो बहुतेक एकच असतो: बोटाएवढी हिरवीगार अळी, पुढे दोन निळे डोळे, मागे पिवळा काटा. खाली मजकूरही ठरलेला, "हे काय आहे आणि कशाने मरेल?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यावरून वाद घालता घालता ही प्रश्नोत्तरं जमा झाली.

ही अळी नेमकी कोणाची?

ओलिअँडर हॉकमॉथ नावाच्या पतंगाची. शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये या पतंगाचं वर्णन केलं आणि कण्हेरीच्या नेरियम या नावावरून त्याला 'नेरी' म्हटलं. डॅफ्निस हे प्रजातीचं नाव नंतरचं, 1819 चं, ह्युबनरने दिलेलं. ग्रीक पुराणकथांतल्या एका मेंढपाळाचं ते नाव आहे. आपल्याकडे काही जण 'ससाणा पतंग' लिहितात, ते हॉकमॉथ या शब्दाचं भाषांतर, आणि ते त्या सगळ्या कुळालाच लागू पडतं. मी घरात 'कण्हेरीचा पतंग' म्हणते. शेजारच्या काकू 'तगरीचा राक्षस' म्हणतात.

एक गोष्ट आधीच सांगते. अळी बघून "फुलपाखरू होणार ना?" असं पुष्कळ जण विचारतात. नाही, पतंग होणार. पण त्यात नाराज होण्यासारखं काही नाही, पुढे येईलच.

काल झाड पानांनी भरलेलं होतं, आज नुसत्या काड्या. एका रात्रीत असं होतं?

एका रात्रीत वाटतं, प्रत्यक्षात अळी दोन-अडीच आठवडे तिथेच असते. मादी कोवळ्या पानांवर फिकट हिरवी, गोल, मोहरीएवढी अंडी एकेक करून घालते. उबदार हवेत काही दिवसांत अळी बाहेर येते, तेव्हा ती दोऱ्याच्या तुकड्याएवढी असते आणि मागचा काळा काटा तिच्या मानाने भलताच लांब. पानाला एखादं भोक पडलं तर कोण बघतंय? मग ती चार वेळा कात टाकते. शेवटच्या टप्प्यात आली की तिची भूक सुटते ती अशी, की आयुष्यभराचं बहुतेक खाणं ती याच चार-सहा दिवसांत उरकते. तोवर ती सात-आठ सेंटीमीटर लांब झालेली असते. कुंडीतल्या तगरीवर अशा चार अळ्या असल्या तर सोमवारी हिरवं असलेलं झाड शुक्रवारी बोडकं झालेलं दिसतं, आणि आपल्याला वाटतं की रात्रीत काहीतरी झालं.

पानं खाल्लेली दिसतात पण अळी काही सापडत नाही. कुठे शोधू?

खाली बघा. झाडाखाली फरशीवर किंवा कुंडीच्या मातीवर काळ्या मिरीएवढे, गडद हिरवे-काळे दाणे पडलेत का? त्या अळीच्या लेंड्या. नीट पाहिलं तर प्रत्येक दाण्यावर उभ्या खाचा दिसतात, एखाद्या लहानशा पिंपासारख्या. लेंड्या ताज्या, ओलसर असतील तर नजर सरळ वर न्यायची. अळी त्याच फांदीवर, पानाच्या खालच्या अंगाला, देठाला समांतर पडलेली असते. अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक पांढरी रेघ आणि तिच्या आजूबाजूला पांढरे ठिपके असतात. तगरीच्या पानाची मधली शीर तशीच पांढुरकी, त्यामुळे चार इंचांवरून बघूनही ती निसटते.

माझी आई लेंड्या बघून अळी केवढी झाली ते सांगायची. "बाजरीएवढ्या आहेत, अजून आठवडा आहे हिला." मला अजून इतका अंदाज येत नाही.

ते निळे डोळे खरे आहेत का?

नाहीत. खरे डोळे डोक्यावर आहेत आणि ते बारीक ठिपक्यांसारखे, सहज दिसतही नाहीत. निळ्या-पांढऱ्या, काळ्या कडेच्या ज्या दोन खुणा दिसतात त्या छातीच्या तिसऱ्या वळ्यावर आहेत. अळी निवांत असताना त्या कातडीच्या घडीत अर्ध्या झाकलेल्या राहतात. फांदी हलवा किंवा बोट लावा: ती डोकं आत ओढून घेते, छातीचा भाग फुगतो आणि ते 'डोळे' एकदम टक्क उघडतात. चिमणीसारख्या पक्ष्याला क्षणभर समोर साप आहे असं वाटलं तरी अळीचं काम झालं. सगळेच पक्षी फसतात असं मात्र नाही. आमच्या सोसायटीतला भारद्वाज तगरीत शिरतो आणि डोळ्यांसकट अळी घेऊन जातो.

मागचा काटा डसतो का? हात लावला तर खाज येईल?

काटा मऊ आहे. त्यात विष नाही, नांगी नाही, तो टोचतही नाही. अंगावर केसही नाहीत. शेवग्यावरच्या केसाळ सुरवंटाने ज्यांच्या अंगावर गांधी उठल्यात ते सगळ्याच अळ्यांना घाबरतात, ते साहजिक आहे, पण ही त्या जातीची नाही. मोठी झाल्यावर काटा आखूड, पिवळसर आणि खाली वाकलेला होतो. माझ्या भाचीने तिला तळहातावर घेऊन गच्चीभर फिरवलंय. अळी फक्त हिरवं काहीतरी ओकली, तेही घाबरून.

हात धुवायचे ते अळीसाठी नाही, झाडासाठी. कण्हेरीचा चीक हाताला लागलेला असतो.

ही कोणकोणत्या झाडांवर येते? माझ्या मोगऱ्यावर आणि जास्वंदीवर जाईल का?

इथे जरा थांबते, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. अळी काहीही खात नाही. कडुनिंबाखाली, जास्वंदीत, गुलाबात तिला सोडली तर ती उपाशी मरेल. तिचा जीव मुख्यतः एका कुळात अडकलाय: ॲपोसायनेसी. मराठीत त्याला करवीर कुल म्हणतात. करवीर म्हणजेच कण्हेर. (कोल्हापूरकरांना हे नाव नवीन नाही.)

आपल्या दारातली किती झाडं या कुळात आहेत ते बघा. पूजेची पांढरी तगर, एकेरी आणि दुहेरी. कण्हेर, गुलाबी, लाल, पांढरी. कुंपणाशी आपोआप उगवणारी सदाफुली. रस्त्याच्या कडेची सप्तपर्णी, जिला कोकणात सातवीण म्हणतात आणि जिच्या फुलांच्या उग्र वासाने पुण्यामुंबईत थंडीच्या तोंडाला लोकांची डोकी दुखतात. बाल्कनीतलं फुगीर बुंध्याचं अडेनियम. औषधी बागेतली सर्पगंधा. करवंदाच्या जाळीवरही ही अळी मिळाल्याच्या नोंदी आहेत.

या यादीत माझा स्वतःचा क्रम असा: तगर पहिली, अगदी निर्विवाद. मग कण्हेर आणि सदाफुली. शहरांत तगर इतकी लावली जाते की नावात कण्हेर असली तरी तुमची पहिली भेट बहुधा तगरीवरच होईल. सप्तपर्णीवर ती असतेच, पण वर, आपल्या नजरेच्या पलीकडे. फांदी मोडून पडली की कळतं.

तोडलेलं पान पांढरा चीक सोडतंय का, ही घरगुती परीक्षा बऱ्यापैकी चालते. मात्र चीक म्हणजे लगेच ही अळी, असं समजू नका. वड-पिंपळालाही चीक आहे, ते वेगळं कुळ. मोगरा आणि जास्वंद दोन्ही सहसा सुरक्षित असतात.

कण्हेर खाऊन गुरं मरतात. मग ही अळी कशी जगते?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. कण्हेरीच्या पानाफुलांत, बियांत, सालीत, सगळीकडे हृदयावर आघात करणारी द्रव्यं असतात. ओलिअँड्रिन हे त्यातलं प्रसिद्ध. आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. ही द्रव्यं त्या पंपात खुंटीसारखी अडकतात आणि पंप बंद पाडतात. हृदयाचे ठोके आणि मज्जातंतूंचं काम या पंपावर चालतं, त्यामुळे थोडं विषही पुरतं.

अशा विषाशी जमवून घेणारे कीटक बरेच आहेत. अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराच्या पेशींमधला तो पंपच बदललेला आहे, विष त्याला नीट चिकटतच नाही. आपल्या अळीबद्दलही तसंच काही असेल असं वाटत होतं. शास्त्रज्ञांनी तपासलं तर तिचा पंप साधाच निघाला, विषाला बळी पडणारा. तिची युक्ती वेगळी आहे. तिच्या मज्जासंस्थेभोवतीचं पातळ आवरण हे विष आत झिरपू देत नाही. म्हणजे कुलूप बदललेलं नाही, दारावर पहारेकरी बसवलाय.

याचा एक परिणाम रंगावर दिसतो, असं मला वाटतं. मोनार्क किंवा आपल्याकडे रुईवर वाढणारं प्लेन टायगर ही मंडळी झाडातलं विष अंगात साठवतात आणि मग भडक पट्टे मिरवत उघड्यावर बसतात: खाऊन बघा, पस्तावाल. आपली अळी विष साठवत नाही. ती पक्ष्याला रुचकरच लागते. म्हणून हिला पानाचा रंग घ्यावा लागतो, शिरेची नक्कल करावी लागते आणि सगळं फसलं तर खोटे डोळे वटारावे लागतात.

तरीही मांजराकुत्र्याला अळी खाऊ देऊ नका. अळी विष साठवत नसली तरी तिच्या पोटात चावलेली कण्हेर भरलेली असते.

सदाफुलीतही औषध आहे म्हणतात, ते खाऊन हिला काय होतं?

सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं निघतात, ती पेशींची विभागणी थांबवतात. अळी ती पानं खाऊन धडधाकट वाढते. आपण मात्र "औषधी आहे" म्हणून सदाफुलीची पानं चावत बसू नये. मधुमेहासाठी चावणारे मी पाहिलेत, म्हणून लिहितेय.

तगर मरेल का? काय फवारू?

मुरलेली तगर मरत नाही. पावसाळ्यात तर पंधरा-वीस दिवसांत नवी पालवी फुटते आणि ती आधीपेक्षा दाट असते, जणू कोणी छाटणी करून दिली. आईने लावलेली दुहेरी तगर गेल्या कित्येक वर्षांत दर पावसाळ्यात एकदा तरी बोडकी झाली आहे आणि नवरात्रात फुलांनी लगडलेली असते.

माझं मत स्पष्टच सांगते: जमिनीतल्या तगरीवर फवारणी करण्याचं काही कारण नाही. एकदा सोसायटीत माळीकाकांनी कुणाच्या तरी तक्रारीवरून कसलंतरी कीटकनाशक मारलं. अळ्या मेल्या, त्याबरोबर तगरीवर येणाऱ्या मधमाशाही गेल्या आणि नंतर त्याच झाडावर पिठ्या ढेकूण असा माजला की शेवटी निम्मं झाड कापावं लागलं. त्याला खाणारे कीटकही फवाऱ्यात गेले होते ना.

कुंडीतलं झाड, नुकतं लावलेलं रोप किंवा अडेनियम असेल तर गोष्ट वेगळी. अडेनियमला मोजून वीस पानं, त्यातली पंधरा गेली तर जीव तळमळतो, मला कळतं. अशा वेळी हाताने उचला आणि मोठ्या तगरीवर किंवा कण्हेरीवर नेऊन ठेवा. रोज सकाळी पाणी घालताना पानं उलटून अंडी आणि बारक्या अळ्या बघितल्या तर पुढची सगळी कटकट वाचते. नर्सरीवाल्यांना शेकडो रोपं सांभाळायची असतात, त्यांना हे जमणार नाही. त्यांनी निदान बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू असलेलं जैविक औषध वापरावं. ते अळीच्या पोटात गेलं तरच चालतं आणि लहान अळ्यांवर जास्त चांगलं. पण मग त्या पानांवरची फुलपाखरांची अळीही वाचणार नाही, हे धरून चाला.

अळी अचानक तपकिरी झाली आणि जमिनीवर धावत सुटली. आजारी आहे का?

उलट, तिचं खाणं संपलं. कोषात जायच्या आधी पाठीचा हिरवा रंग जाऊन ती काळपट तपकिरी होते, झाडावरून उतरते आणि जागा शोधत फिरते. याच वेळी ती जिन्यात, पार्किंगमध्ये, चपलांच्या रॅकखाली सापडते आणि झाडूखाली जाते. पाचोळ्यात, मातीच्या वरच्या थरात थोडेसे रेशमी धागे विणून ती आत कोष करते. कोष फिकट तपकिरी, बाजूने काळे ठिपके असलेला. झाडाखालचा पाचोळा झाडून चकाचक ठेवणाऱ्यांनी इथे जरा हात आवरावा.

मुलांना दाखवायला घरात वाढवता येईल?

येईल, आणि सोपं आहे. झाकणाऐवजी वर मच्छरदाणीचं कापड बांधलेली मोठी बरणी किंवा खोका घ्या. तळाशी कागद, तो रोज बदला, लेंड्यांना बुरशी लवकर लागते. पानं ताजी द्या. ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाची. तगरीवर वाढलेल्या मोठ्या अळीला कण्हेर दिली तर बऱ्याचदा ती तोंड फिरवते, सासरचं जेवण नको म्हणावं तशी. फांदी पाण्यात ठेवणार असाल तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी आत बुडते. हे मी अनुभवाने शिकले.

रंग बदलला की तळाशी दोन बोटं जाड, किंचित ओलसर माती आणि वर सुकी पानं टाका आणि तिला एकटी सोडा. कोषाला रोज उचलून बघायचं नाही. उबदार दिवसांत साधारण दोन आठवडे लागतात. आदल्या दिवशी कोष गडद होतो आणि आतल्या पंखांची नक्षी पुसट दिसायला लागते. बाहेर आलेल्या पतंगाला लगेच काहीतरी खरखरीत चढायला हवं: काडी, कापड, उभा पुठ्ठा. पंख लटकवून त्यात द्रव भरता आला नाही तर ते कायमचे चुरगळलेले राहतात. काचेच्या गुळगुळीत बरणीत हाच घोळ होतो.

पतंग दिसतो कसा?

संगमरवरावर कोणीतरी मेंदीच्या पाच-सहा छटा, गुलाबी आणि दुधाळ पांढरा ओतून काडीने फिरवलाय, असा. लष्करी गणवेशासारखा म्हणून त्याला आर्मी ग्रीन मॉथही म्हणतात. पंख पसरले की साधारण दहा सेंटीमीटर. पुढच्या पंखाच्या बुडाशी पांढऱ्या वर्तुळात एक गडद ठिपका असतो. दिवसा पानांत बसला तर दिसणार नाही, जिन्यातल्या पांढऱ्या भिंतीवर बसला तर सगळी बिल्डिंग जमते. याच्यासारखाच एक भाऊबंद आहे, डॅफ्निस हायपोथॉस. तो जास्त काळपट हिरवा आणि पंखाच्या टोकाशी एक पांढरा ठिपका असलेला.

संध्याकाळ सरता सरता तो फुलांवर येतो आणि बसत नाही. हवेत एका जागी थरारत लांब सोंड फुलात घालतो. पपईच्या फुलांचं परागीभवन करणाऱ्यांत हे हॉकमॉथ महत्त्वाचे आहेत, हे परसात पपई असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

दिव्याखाली आलेला पतंग नुसता थरथरतोय. मरतोय का?

नाही, अंग तापवतोय. इतकं जड शरीर उचलायचं तर उडण्याचे स्नायू आधी गरम व्हावे लागतात, म्हणून तो पंख बारीक थरथरवतो. एक-दोन मिनिटांत उडेल. दिवा मालवला तर लवकर जाईल. रात्रभर दिव्याभोवती आपटून दमलेला असेल तर कागदावर घेऊन झाडीत ठेवा.

पंखांची पूड डोळ्यात गेली की आंधळेपण येतं, खरं का?

लहानपणी मलाही सांगितलं होतं. ती पूड म्हणजे पंखांवरचे बारीक खवले. डोळ्यात गेले तर धुळीसारखे खुपतील, पाण्याने धुवा. आंधळं कोणी होत नाही.

आमच्याकडची अळी थोडी वेगळी आहे. हीच का?

मागे काटा असलेल्या अळ्या पुष्कळ, त्या बहुतेक याच हॉकमॉथ कुळातल्या. झाडावरून ओळखणं सगळ्यात सोपं. अळूवर किंवा द्राक्षाच्या वेलावर असेल तर हिप्पोशन. रताळ्याच्या वेलावर ॲग्रियस. तीळ किंवा वांग्यावर जाडजूड, तिरप्या पट्ट्यांची असेल तर डेथ्स हेड, ज्याच्या पतंगाच्या पाठीवर कवटीसारखी खूण असते आणि जो पोळ्यात शिरून मध चोरतो. अनंतावर असेल तर सेफोनोडिस, त्याचे पंख पारदर्शक.

कण्हेरीवरच पण काटा नाही, उलट अंगावर लांब काळ्या मऊ शेंड्या आणि आडवे पट्टे असतील तर ती कॉमन क्रो फुलपाखराची अळी. कढीपत्त्यावरची हिरवी अळी लिंबाच्या फुलपाखराची. डिवचल्यावर तिने लाल शिंग काढून घाणेरडा वास सोडला की शंका राहत नाही. कण्हेरीच्या शेंड्यावर पिवळे ठिपके गच्च बसले असतील तर ती अळी नव्हेच, तो मावा.

हा आपल्याकडचाच आहे की बाहेरून आलाय?

आपल्याकडचाच. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, आखात, भारत, आग्नेय आशिया असा त्याचा मोठा पसारा आहे. आखातात राहणाऱ्या आपल्या माणसांना तो कण्हेरीच्या कुंपणांवर भेटू शकतो. उडण्यात पटाईत असल्याने उन्हाळ्यात काही पतंग दक्षिणेकडून थेट उत्तर युरोपापर्यंत जातात. इंग्लंडमध्ये एखादा दिसला की तिथल्या पतंगवेड्यांची दिवाळी होते. पण तिथल्या थंडीत पुढची पिढी टिकत नाही.

महिना झाला, कोषातून काही बाहेरच येत नाही. किती वाट बघू?

कोष हातात घेऊन शेपटीचा भाग हळूच बघा. स्पर्शाने वळवळला तर जिवंत आहे, थांबा. थंडीत वेळ लागतो. वजनाला हलका, कडक आणि काळा पडला असेल तर संपलं. बाजूला एखादं गोल भोक असेल, किंवा बरणीत जाड तपकिरी दाण्यांसारखे बारके कोष पडले असतील, तर आतून दुसरंच कोणी वाढून बाहेर पडलंय. परजीवी माशा आणि गांधीलमाशीचे बारीक भाऊबंद अळी झाडावर असतानाच तिच्यावर किंवा तिच्यात अंडी घालतात आणि तुम्ही घरी आणता तेव्हा काम झालेलं असतं. यात तुमची काही चूक नाही. पुढच्या वेळी अळी मोठी व्हायची वाट न बघता अंडी किंवा अगदी बारकी अळी घरात आणा.